ह्यो वाटा कुणाचा

कोल्हापूर,
दि. २२ जून २०२५

ती. सौ. वन्संना,
स्वप्नालीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल, तर त्याला कारण तुम्हीच. मागच्या महिन्यात तुमच्या भावाच्या घोरण्याबद्दल मी तुम्हाला एकटीला लिहिलं आणि तुम्ही त्याचं उत्तर ‘सरनोबत परिवार’ ग्रुपवर टाकलंत, वर हसरी तोंडं चिकटवून. अण्णांनी ते वाचून अंगठा दाखवला. सासऱ्यांनी नवऱ्याच्या घोरण्याला अंगठा दाखवलेली मी कोल्हापुरातली पहिलीच सून असेन. तेव्हापासून ठरवलंय, मनातलं काही असलं तर पोस्टानं. संयूलाही पेटीत पत्र टाकायला भारी आवडतं.

तर मनातलं असं. तुमची लाडकी भाची संयू चौथीत गेली आणि शाळेनं पुस्तकंच दिली नाहीत. मी वाट बघत बसले, कव्हरं घालायचा खाकी कागदसुद्धा आणून ठेवला होता. मग पालकांची मीटिंग झाली. तिथं कळलं की आता सहा आठवडे एकच थीम. थीमचं नाव ‘वाटून घेणं’. गणित त्यातच, भाषा त्यातच, विज्ञान, चित्रकला, सगळं त्यातच. शेवटी २६ जुलैला प्रदर्शन, मुलांनी काय शोधलं ते पालकांना दाखवायचं. हे सगळं बाहेरगावाहून आलेल्या मोठ्या मॅडमनी फडाफडा इंग्रजीत सांगितलं. मी मान हलवत होते. शेजारी संयूच्या मैत्रिणीची, आदितीची आई राजमती बसली होती, तीही मान हलवत होती. मला वाटलं तिला कळतंय, तिला वाटलं मला कळतंय. बाहेर चहा पिताना दोघींचंही पितळ उघडं पडलं.

एक मात्र मला पक्कं कळलं, कारण ते फळ्यावर मोठ्या अक्षरात होतं. मुलाला उत्तर द्यायचं नाही. त्यानं काही विचारलं की उलट विचारायचं, तुला काय वाटतं?

तुमच्या भावाला हे सांगितल्यावर त्यांनी संयूला सतराचा पाढा विचारला. ती पाच ओळींत अडकली. झालं! शिरोलीच्या कारखान्यात दिवसभर लेथवर लोखंड मोजणारा माणूस, त्यांना सगळं मोजून दाखवावं लागतं. म्हणाले की प्रदर्शनात पोरगी काय शिकली ते मला डोळ्यांनी दिसलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी पेठेतल्या माझ्या शाळेत. तिथल्या हेडमास्तरांशी बोलूनसुद्धा आलेत. ही शाळा मी हट्टानं निवडली, वन्सं. तेव्हा फक्त तुम्ही माझ्या बाजूनं होता. आता मलाच शाळेतलं काही कळेना. पहिलीपर्यंत मी तिला हाताला धरून गिरवायला लावलं. आता ती काय शिकते तेच मला कळत नाही, तर आई म्हणून मी तिच्या काय कामाची? हे मी फक्त तुम्हाला लिहितेय.

पण हातावर हात ठेवून बसलेली नाही. महाद्वार रोडला प्रोजेक्ट करून देणारं एक दुकान आहे, तिथं मॉडेलची ऑर्डर दिलीय. बर्फावर उभं असलेलं पांढरं अस्वल. पृथ्वी आपण अस्वलाशी वाटून घेतो, असं दुकानदार म्हणाला.

दाजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरतोय, पण ग्रुपवर टाकू नका ही विनंती.

तुमची,
स्वप्नाली


शिरोळ,
दि. २८ जून २०२५

चि. सौ. स्वप्नालीस,
वर्षाराणीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमननं हातात देताना दोनदा विचारलं, सगळं बरं हाय न्हवं? आमच्या गल्लीत हाताचं पत्र येऊन वर्षं झाली. शेजारणी गोळा झाल्या. मी पदरात लपवलं आणि गोठ्यात जाऊन वाचलं. मी बोलते तसंच लिहिणार, तुझ्यासारखं छापील मला जमत न्हाय.

अगं, पांढरं अस्वल कशाला? कोल्हापुरात कधी अस्वल आलंय का? गवा आलता, ते खरं. गवा कर म्हणावं त्या दुकानदाराला, निदान लोकांनी बघितलेला तरी हाय.

आणि थीम कळंना झालीय व्हय तुला? म्हशीचं बघ. एक म्हैस दारात बांधली की तिला वैरण किती लागती, ते गणित. ती पोट फुगून तटली की डॉक्टर येतो, ते शास्त्र. दुधाला फॅट लागत न्हाय म्हणून डेअरीच्या सेक्रेटरीशी मी भांडते, ती भाषा. आणि ती कुणाच्या रानात शिरली की आपलं आणि त्याचं घराणं कधीपासनं भांडतंय ते सगळं निघतंय, तो इतिहास. म्हैस एकच की गं! तुझ्या शाळेनं एवढंच केलंय. पुस्तकं चार सोडली आणि म्हैस एक बांधली. फक्त तुमची म्हैस इंग्रजीत रेकती, म्हणून तू घाबरलीस.

वाटून घेणं म्हणत्यात तर आषाढात गल्लीची टेंबलाईची यात्रा हायच की. अण्णांच्या दारात मटणाचे वाटे पडत्यात, ते पोरीला दाखव. लहानपणी मी आणि विशा पायरीवर बसून तेच बघायचो. त्याच्यापरीस वाटून घेणं आणि कुठं बघायला मिळणार? विशाला म्हणावं, सतराचा पाढा तुला सातवीपर्यंत येत नव्हता, आक्काला अजून ध्यानात हाय.

ऊस बरा हाय. ह्यांचा गुडघा दुखतोय, पण राजकारणाला जाताना दुखत न्हाय.

माया हाय, ती तुझ्या वाट्याची तू घे, राहिलेली संयूला दे.

तुझी वन्सं,
वर्षाराणी


कोल्हापूर,
दि. ६ जुलै २०२५

ती. सौ. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमची म्हैस मी राजमतीला वाचून दाखवली. ती हसून हसून खुर्चीवरून घसरली. तिनं तर मोठ्या मॅडमपेक्षा वन्संनाच मीटिंगला बोलवा, असा ठराव मांडला. पण ती जैन आहे आणि त्यांचा चातुर्मास आला. मटणाचं मी तिच्यापुढं गाळून वाचलं.

म्हणूनच सांगते, मटणाचे वाटे काही जमायचे नाहीत. आंतरराष्ट्रीय शाळा आहे हो ती. वर प्रदर्शन श्रावणाच्या दुसऱ्याच दिवशी. वर्गातल्या निम्म्या मुली आदितीसारख्या. तिथं माझ्या मुलीनं उभं राहून बोकडाची गोष्ट सांगायची? मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. यात्रेला जायला माझी ना नाही. तुमचे भाऊ तिला नेणारच आहेत, थीमसाठी नाही, रस्स्यासाठी.

इकडं त्या ‘तुला काय वाटतं’नं घरात गोंधळ घातलाय. शाळेनं सांगितलं म्हणून मी अगदी काटेकोर पाळतेय. संयूनं विचारलं, माझा मोजा कुठाय. मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती एका पायात मोजा घालून शाळेत गेली. तिनं विचारलं, आज भाजी काय. तुला काय वाटतं? तिनं सांगितलं की तिला पुरणपोळी वाटते, आणि मग जेवायला भेंडी बघून रुसली. परवा अण्णा आले होते. त्यांनी संयूला विचारलं, आई चहा करतीय का बघ गं. ती उलट त्यांनाच म्हणाली, तुम्हाला काय वाटतं? अण्णा उठले आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन आले.

हसताय ना? मला मात्र आता हसू येत नाही. चार दिवस झाले, तिनं मला काही विचारायचंच सोडलंय. शाळेतून येते, दप्तर टाकते आणि शेजारी आदितीकडं पळते. रात्री जेवताना काय असेल ते बाबाला विचारते. मी नियम पाळायला गेले आणि पोरगीच हातची गेली.

अस्वल आलं. ते आपल्या जुन्या मोती कुत्र्यासारखं दिसतंय. संयूनं त्याला सगळीकडून फिरून बघितलं आणि म्हणाली, ह्याच्यावर दुकानवाल्या काकांचं नाव घाला, त्यांनी केलंय ना. मी ते कपाटावर ठेवलंय. तुमचे भाऊ रोज त्याला रामराम घालतात.

काय करू ते सांगा, आणि कृपा करून मला काय वाटतं ते विचारू नका.

तुमची गोंधळलेली,
स्वप्नाली


शिरोळ,
दि. १० जुलै २०२५

चि. सौ. स्वप्नालीस,
अनेक आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते, नदी वाढायला लागलीय आणि वैरण वरच्या घरात न्यायची हाय.

अगं शहाणे, औषध वाटीभर द्या म्हटलं तर तू बादलीभर दिलंस. मोजा कुठाय ते सांगायचं. भेंडी हाय ते सांगायचं. जे तुला ठावं हाय ते सांग, जे तुला ठावं न्हाय ते तिच्यासंगं शोध. शाळेला एवढंच म्हणायचं असंल. आणि न्हाय कळलं तर मास्तरणीला जाऊन विचार की! मराठीत विचार. कोल्हापुरात राहून मराठीत विचारायला तुला कसली लाज? तू इंग्रजीत मान हलवतीस आणि मराठीत रडतीस. त्या मॅडमला काय स्वप्न पडणार हाय व्हय?

आई म्हणून काय कामाची, असलं परत लिहिलंस तर पत्र घडी करून तसंच माघारी पाठवीन, वर तिकीट तुझ्याकडनंच वसूल करीन. मला वाईट वाटलं वाचून. पोरगी आदितीकडं पळती ती पळू दे, परत येताना तुझ्याच दारात येती.

अस्वलाला म्हणावं, जपून राहा, विशा एकटा असला की बोलायला लागंल.

तुझी,
वर्षाराणी


कोल्हापूर,
दि. १७ जुलै २०२५

ती. सौ. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

परवा मंगळवारी यात्रा झाली आणि घरात भांडण झालं. आधी यात्रेचं सांगते.

संयूला घेऊन सकाळीच मंगळवार पेठेत अण्णांकडं गेलो. वाजंत्री, गर्दी, देवीला पाणी, सगळं रीतसर. दुपारी अण्णांच्या दारात ताडपत्री अंथरली आणि केळीच्या पानांवर वाटे पडायला लागले. तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही त्याच पायरीवर वाढलात. पण मी आजवर आत चुलीपाशी असायचे. ह्या वेळी संयूनं हाताला धरून मला बाहेर पायरीवर बसवलं, म्हणून पहिल्यांदा नीट बघितलं. गल्लीतले केरबाकाका नेहमीप्रमाणं अंदाजानं ढीग लावत होते. वाट्यांकडं पाठ करून बसायचा मान ह्या वर्षी तुमच्या भावाला. काका एकेका ढिगावर हात ठेवून ओरडायचे, ह्यो वाटा कुणाचा? हे ढिगांकडं न बघता एकेक घर सांगायचे. अण्णांच्या नावानं, गणपतरावांचा म्हणून आपलं घरही त्यात आलं.

संयूला राहवेना. तिनं आतून अण्णांचा वजनकाटा आणला आणि दोन ढीग मोजले. एक कमी भरला. ती केरबाकाकांना म्हणाली, हे सारखे नाहीत, मग कुणी भांडत कसं नाही? काका म्हणाले, बाळ, ज्याला दिसतंय तो नाव घेत न्हाय, आणि जो नाव घेतोय त्याला दिसत न्हाय. मग भांडायचं कुणाशी? तिनं हे दोनदा घोकून घेतलं. मग विचारलं, चिमणाबाईआजींनी वर्गणी दिली नाही तरी त्यांचा वाटा का? अण्णांनी सांगितलं की गल्लीत जी चूल पेटते तिचा वाटा पडतोच, ती एकटीची असली तरी. इथवर सगळं गोड होतं.

मग तिनं अण्णांना विचारलं, सगळे वाटे काकांच्या आणि आजोबांच्या नावाचे, आईचा कुठला? अण्णा म्हणाले, आपल्या घराच्या वाट्यातच आला की. मला वाटलं, पटलं.

जेवायला बसलो. मी वाढत होते. मटणातली नळी नेहमीसारखी तुमच्या भावाच्या ताटात घातली. संयू माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाली, आई, ही नळी वाटताना पाठ कुणी केली होती?

वन्सं, माझ्या हातात पळी तशीच राहिली. अण्णांना ठसका लागला. आणि हे चिडले. म्हणाले, घरात कधी वाटे पडत नसतात, घरात भांडण लावायला शिकवतात व्हय तुझ्या शाळेत? प्रदर्शन बघायला येईन, पण माझं ठरल्यात जमा आहे, असं सांगून टाकलं. नळी तशीच ताटात ठेवून उठले. अन्नाला नाव न ठेवणारा माणूस, नळी टाकून उठला! मला काय करावं कळेना. नळी मला लागते असं नाही हो. पण मला कुणी कधी विचारलं नव्हतं, तेही खरं. पोरीनं विचारलं तर आतून काहीतरी हललं.

काल तुमचं ऐकलं. शाळेत गेले आणि वर्गाच्या क्रांती मॅडमना धडधडीत मराठीत विचारलं, मला ह्यातलं काही कळत नाही, समजावून सांगा. तर त्या आपल्याच जिल्ह्यातल्या कबनूरच्या निघाल्या, तिकडच्या बायकांसारख्या ‘करतोय, बघतोय’ बोलणाऱ्या! म्हणाल्या, बरं झालं की ओ विचारलासा, मी महिनाभर वाट बघतोय कोणतरी पालक विचारंल म्हणून. अर्धा तास बसवून घेतलं. थीम म्हणजे उत्तर पाठ करायचा धडा नाही, एकच प्रश्न सगळ्या विषयांतून हाकत न्यायचा. वजनकाट्यावर संयूनं जे केलं ते अपूर्णांक. नावांचं विचारलं ते समाजशास्त्र. मी म्हटलं, नळीचं विचारलं ते? त्या म्हणाल्या, त्याला अजून विषय पडायचा आहे.

आता पंचाईत अशी. संयू म्हणते मी प्रदर्शनात वाटे घालणार. मी अस्वल न्यायला लावलं तर प्रदर्शन गोड होईल आणि हे थंड होतील. वाटे घातले तर त्या दिवशी शाळा सुटली म्हणून समजा. कागदोपत्री पुढच्या वर्षी, पण मनातून त्याच दिवशी. कळवा.

तुमच्या भावाचा राग गेला की लोभ पाठवते, सध्या घरात शिल्लक नाही.

स्वप्नाली


शिरोळ,
दि. २१ जुलै २०२५

चि. सौ. स्वप्नालीस,
अनेक आशीर्वाद.

गोठ्यात वाचलं आणि एवढ्या मोठ्यानं हसले की म्हशीनं धार चोरली. ह्यांनी विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, भाचीनं मामला जिंकला.

विशाचं मनावर घेऊ नको. नळीवरनं तो लहानपणापासनं हळवा हाय. एकदा माझ्या ताटात नळी आली तर हा चुलीमागं जाऊन बसलता, आईनं माझ्या ताटातली काढून त्याला दिली तवा बाहेर आला. तवा मला कुणी काय विचारलं न्हाय. माझी भाची विचारती हाय, तर मी तिला गप्प बस म्हणू व्हय?

अस्वल घरात ठेव. वाटे घालू दे. शाळा ऱ्हाईल न्हायतर जाईल, पण पोरीनं खरं विचारलं आणि आईनं तोंडावर हात ठेवला, असं होऊ देऊ नको. मटण मात्र नको, राजमतीचा मान राख. वाटा कशाचाबी घालता येतोय.

मी शनिवारी येणार होते, पण ओढ्यावर पाणी आलंय, एस.टी. बंद. माझ्या नावानं तू दोन डोळे जास्त उघडे ठेव आणि सगळं लिही. आज इथं जीव निम्मा नदीत आणि निम्मा तुझ्या शाळेत हाय.

तुझ्या पाठीशी उभी,
वर्षाराणी


कोल्हापूर,
दि. २७ जुलै २०२५

ती. सौ. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

नदीचं काय? अण्णा बातम्या लावून बसलेत. आधी ते कळवा. मग हे वाचा, सावकाश, जमलं तर गोठ्यात.

काल प्रदर्शनाला गेलो. हॉलमध्ये शिरले आणि बघते तर काय! तीन टेबलांवर तीन पांढरी अस्वलं! तीच मान, तोच बर्फ, तोच मोती कुत्रा. महाद्वार रोडवाल्यानं दिवाळी केली ह्या वर्षी. तुमचे भाऊ माझ्या कानात म्हणाले, आपलं एकटं घरी कंटाळलं असेल. दहा दिवसांत माझ्याशी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य.

संयू टेबल सोडून खाली सतरंजीवर बसली होती. पुढं केळीची पानं. पानांवर चुरमुरे, फुटाणे, गुळाचे खडे, खोबऱ्याचे तुकडे. सगळ्यांत मिळून काजू एकच. तिनं मला आधीच सांगितलं होतं, तो काजू म्हणजे नळी, पण हे आदितीच्या आईला सांगायचं नाही. राजमती माझ्या शेजारीच उभी होती. हळूच म्हणाली, स्वप्ना, मला सगळं माहितीय, आदितीनं चार दिवसांपूर्वीच सांगितलंय. आमच्याकडं तो मान भाकरीवरच्या सायीचा असतो, आणि तीही माझ्या ताटात कधी आलेली नाही.

मोठ्या मॅडमनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. संयूनं त्यांना थोडं इंग्रजीत, थोडं मराठीत सांगितलं की वजन सारखं नसलं तरी वाटा न्यायाचा कसा होतो ते मी दाखवते, त्यासाठी एक माणूस पाठ करून बसायला हवा. आणि तिनं बाबाला बोलावलं. एवढ्या लोकांत हे नाही कसं म्हणणार? बूट काढून, पँट सावरत, पाठ करून बसले. मग तिनं नियम सांगितला. गल्लीत घराचं नाव घेतात, इथं माणसाचं घ्यायचं. आपल्या घरातली चार माणसं आणि पाण्यामुळं जी येऊ शकली नाही ती आत्या. ज्याची चूल दूर पेटते त्याचाही वाटा असतो, हे तिनं चिमणाबाईआजींकडून घेतलं.

तुम्हाला ठाऊक आहे, लग्न झाल्यापासून ह्यांनी चारचौघांत माझं नाव घेतलेलं नाही. अगं, ऐकलंस का, संयूची आई, ह्यावरच संसार चाललाय. मला वाटलं, हे आता अण्णांपासून सुरुवात करतील, आणि मी शेवटी उरेन. उरलेला वाटा आपोआप माझा, नाव घ्यायची गरजच नाही.

संयूनं पहिल्या पानावर हात ठेवला आणि केरबाकाकांसारखी ओरडली, ह्यो वाटा कुणाचा?

हे जरासुद्धा थांबले नाहीत. खणखणीत आवाजात म्हणाले, स्वप्नालीचा.

पुढची नावं मला धड ऐकू आली नाहीत. राजमतीनं माझा दंड धरून ठेवला होता. अण्णा, आक्का, संयू अशी नावं होत गेली आणि शेवटचं पान ह्यांचं स्वतःचं. वळून बघतात तर काजू त्याच पानावर! अख्खा हॉल हसला. इतकी पाठ करूनही नळी शेवटी त्यांनाच. ह्यांनी तो काजू उचलून माझ्या पानावर ठेवायला हात पुढं केला, तर संयूनं हात धरला. वाटा पडल्यावर बदलायचा नाही, नाहीतर सगळं खोटं होतं, असं तिनं बजावलं. द्यायचा असेल तर घरी जाऊन आपल्यातला द्या.

मग मोठ्या मॅडमनी तिला विचारलं, चक्क मराठीत, तोडकंमोडकं, की इतके प्रश्न विचारायला तुला कुणी शिकवलं? मी मनात म्हटलं, आता क्रांती मॅडमचं नाव घेईल. संयू म्हणाली, माझ्या आईनं. तिला काही विचारलं तरी ती काही सांगतच नाही, मग मलाच शोधावं लागतं.

सगळे हसले, मीही हसले, आणि हसताहसता मला रडू आलं ते थांबेना. मागं मी तुम्हाला लिहिलं होतं ना, मी तिच्या काय कामाची, ते आता परत लिहिणार नाही. पत्र माघारी पाठवायचे कष्ट वाचले तुमचे.

शाळेचं मात्र हे काही बोललेले नाहीत. निघताना क्रांती मॅडमना फक्त विचारलं, पुढची थीम काय? मॅडम म्हणाल्या, पाणी कुठून येतं आणि कुठं जातं. हं, म्हणाले. घरी आल्यावर खिशातून तो काजू काढला, दाढेनं दोन तुकडे केले आणि मोठा माझ्या हातावर ठेवला. हेडमास्तरांचं काय ठरलं ते विचारायची हिंमत होईना.

तुमचा वाटा ह्याच पत्रासोबत पार्सलनं पाठवलाय. पाकिटावर पत्ता तुमच्या भावानं लिहिलाय, अक्षर बघून घाबरू नका. आता लोभ घरात भरपूर आहे, कमी पडला तर मागून घ्यावा.

तुमची,
स्वप्नाली


शिरोळ,
दि. २ ऑगस्ट २०२५

चि. सौ. स्वप्नालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाणी उतरलं. अंगणापतूर आलतं, उंबऱ्याला हात लावून माघारी गेलं. म्हशी, माणसं, तुझी पत्रं, सगळं कोरडं हाय.

माझा वाटा पोचला. गूळ पाघळून चुरमुरे त्याला चिकटलेत, सगळ्याचा मिळून एकच लाडू झालाय. मुंग्यांनी त्यांचा वाटा आधीच काढून घेतला, त्यांनी पाठबिठ केली न्हवती. राहिलेला मी एकटीनं खाल्ला. ह्यांनी मागितला, मी म्हटलं, न्हाय, माझ्या नावाचा पडलाय. माझ्या नावाचा, माझ्या माहेरचा! पहिल्यांदाच पडला, बाई. डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र नदीचं म्हणून खपवलं.

आता तुला एक सांगायचं हाय, ते विशाला कळू देऊ नको. परवा त्याचा फोन आलता. आधी नदीचं विचारलं, मग माझ्या गुडघ्याचं विचारलं, तो दाजींचा दुखतोय हे विसरला. मग घसा खाकरून म्हणाला, आक्का, संयूच्या शाळेचं काय करू? मला सांगायला तोंडात लई आलतं. पण मी तुझी वन्सं हाय. मी म्हटलं, तुला काय वाटतं?

मग हळूच म्हणाला, शनिवारी प्रदर्शनातनं घरी यायच्या आधीच, गाडी लावताना, हेडमास्तरांना फोन केलता. पोरगी येणार न्हाय म्हणून सांगून टाकलंय. मी म्हटलं, अरे मग मला कशाला विचारतोस? तर म्हणाला, स्वप्नालीला कसं सांगू ते कळंना झालंय.

फोनवर एकटाच होता, तरी नावच घेतलं त्यानं. ध्यानात ठेव.

तर तो सांगंल तवा तुला काहीच ठावं न्हाय असं दाखव. पोरीला पाण्याच्या थीमसाठी इकडं पाठवा, घराच्या भिंतीवर जुन्या महापुराची खूण हाय ती दाखवते. विशालाबी घेऊन ये. आणि जेवायला वाढताना मी पाठ करून बसणार हाय, हे त्याला आत्ताच सांगून ठेव.

माया वाटून उरलीय ती सगळी तुम्हा तिघांना.

तुझी वन्सं,
वर्षाराणी